ओठ कुणाचे, आवाज कुणाचा?

ताई,

मी ऐरोलीला राहते. ठाण्याच्या एका कॉलेजात एसवायबीएला आहे, विषय मराठी. यंदा आम्हाला सर्जनशील लेखनाचा पेपर आहे आणि त्यात वीस पानांचा प्रकल्प. मी 'मराठी म्युझिक व्हिडिओतील स्त्रीप्रतिमा' असा विषय दिला. सर म्हणाले, "हे साहित्य नाही, मास मीडियावाल्यांकडे जा." गेले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "तू आमची विद्यार्थिनी नाहीस." आता मी ना इकडची ना तिकडची.

घरी वेगळंच. बाबा रबाळ्याला कंपनीत आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. परवा मी वहीत टिपणं काढत एक व्हिडिओ बघत होते, तर म्हणाले, "गाणी बघायला फी भरतो का मी?" मी काहीच बोलले नाही. रात्रपाळी असली की ते पहाटे चपला हातात घेऊन घरात शिरतात, माझी झोप मोडू नये म्हणून. मी कानात इअरफोन घालून जागीच असते. फार अपराधी वाटतं.

मी कविता करते. मैत्रिणी म्हणतात, वाचताना व्हिडिओ बघतोय असं वाटतं. सरही तेच म्हणाले, पण नाक मुरडून. एक पाठवते:

काचेवर पाऊस, काचेवर तुझं नाव
बोटाने लिहिलेलं, बोटाने पुसलेलं
रिकाम्या फलाटावर उडणारी ओढणी
आणि दूर जाणारी शेवटची गाडी

शेवटचं. गेल्या महिन्यात आम्ही चौघींनी तलावपाळीवर एक व्हिडिओ केला, एका गाजलेल्या गाण्यावर. खाली गाण्याच्या मालकांचं नाव दिलं, 'कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही' असंही लिहिलं. तरी दुसऱ्या दिवशी दावा आला आणि व्हिडिओ बंद.

विषय बदलू? कविता बदलू? की सगळं सोडून बीएड करू?

– गोंधळलेली, ऐरोली

*

अगं गोंधळलेले,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडकले. ते वाक्य तुझ्या कवितेतलं नाही. कुठलं ते सांगते, पण आधी सरांचं बघू. प्रकल्पाला तारीख असते, कवितेला नसते.

विषय बदलू नकोस, लहान कर. 'स्त्रीप्रतिमा' म्हटलं की तू काय लिहिणार हे तुलाही व्हिडिओ बघायच्या आधीच ठाऊक आहे, सरांनाही आणि मलाही. ओढणी, लाजणं, मागे वळून बघणं, पुरुषी नजर. यातलं काही खोटं नाही, पण उत्तर आधीच हातात असलं की माणूस नीट बघत नाही, फक्त दाखले गोळा करतो. वीस पानांत तीन व्हिडिओ आणि एक प्रश्न पुरे. प्रश्न असा घे: या गाण्यात 'मी' म्हणणारं कोण आहे, आणि पडद्यावर ओठ कुणाचे हलतायत?

साधा वाटतो ना प्रश्न? पण कथेत 'निवेदक कोण' म्हणून सर जे शिकवतात, ते हेच. फरक इतकाच की पुस्तकात निवेदकाला तोंड नसतं. व्हिडिओत असतं, आणि ते दरवेळी त्याचंच असेल असं नाही.

आता 'हे साहित्य नाही' याचं उत्तर. ते तुला तुझ्याच नवी मुंबईत सापडेल. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. तिथे नाटक नाही तरी एखादं गॅदरिंग पाहिलं असशील. ज्यांचं नाव त्या इमारतीला दिलंय, त्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्या नाटकात पदं म्हणायचा सूत्रधार. पात्रं त्यावर हावभाव करायची आणि मग ऐनवेळी सुचेल तसं बोलायची. म्हणजे शरीर एकाचं आणि गळा दुसऱ्याचा. त्यानंतर १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' आणलं आणि नट आपली पदं आपणच गाऊ लागले. गळा शरीरात परत आला. पुढे बालगंधर्वांनी त्यातही गंमत केली: गळा आणि शरीर एकाच माणसाचं, पण 'मी' म्हणणारी बाई आणि गाणारा पुरुष. बोलपट आले तेव्हा सुरुवातीला नटनट्या स्वतःच गात. १९३५ च्या सुमारास हिंदी सिनेमात पार्श्वगायन सुरू झालं आणि पुन्हा फारकत झाली. पडद्यावर एक, पडद्यामागे दुसरी. माझ्या पिढीने दूरदर्शनवर गुरुवारचा गाण्यांचा कार्यक्रम 'छायागीत' बघताना कधी विचारलंही नाही की आवाज कुणाचा; तो त्या नटीचाच, असं आम्ही बिनदिक्कत मानून चालायचो.

अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं तेव्हा तिथला म्युझिक व्हिडिओ मुळात गायकाचा चेहरा विकण्यासाठीच होता. आपल्याकडे गायकाला चेहराच नव्हता, तो नायकाला दिलेला होता. म्हणून १९९५ मध्ये अलिशा चिनॉय आपल्या गाण्यात आपणच पडद्यावर आली, तेव्हा ती नुसती नवी फॅशन नव्हती. साठ वर्षांनी गाणारीचे ओठ गाणारीला परत मिळाले होते. हे मांडायला कुणा मास मीडियावाल्यांची परवानगी लागत नाही. मराठी नाटकाचा इतिहास लागतो, आणि तो तुझ्याच अभ्यासक्रमात आहे. सरांकडे जाताना भावे आणि किर्लोस्कर घेऊन जा. विषयाची चिठ्ठी अशी कर: 'गाणारा आणि दिसणारा: तीन म्युझिक व्हिडिओंतील निवेदक'. सर तरी नाही म्हणाले, तर त्यांना साहित्याचा नाही, सहीचा प्रश्न आहे असं समज आणि विभागप्रमुखांना भेट.

आता बघायचं कसं. तू 'टिपणं काढत' होतीस म्हणालीस, ते वाचून बरं वाटलं. पण काय टिपत होतीस? 'सुंदर छायाचित्रण', 'भावस्पर्शी' असलं काही असेल तर ते पान फाड.

नव्वदच्या दशकात मी अंधेरीच्या एका एडिटिंग स्टुडिओत सहायक होते. ठाण्याहून रोज लोकलने. कॉम्प्युटर नव्हते, एका टेपवरून दुसऱ्या टेपवर शॉट उतरवत जायचं, एकामागे एक, माळेत मणी ओवावेत तसं. मधला एक मणी बदलायचा झाला तर नवा मणी नेमका तेवढ्याच लांबीचा हवा, एक फ्रेमही इकडेतिकडे नाही. नाहीतर तिथून पुढची सगळी माळ पुन्हा ओवायची. मशीन तासावर भाड्याने असे, त्यामुळे चूक म्हणजे सरळ पैसे. म्हणून मशीनला हात लावायच्या आधी आम्ही सगळं कागदावर करायचो. फुलस्केप कागद, चार रकाने: टाइमकोड (म्हणजे शॉट टेपवर नेमका कितव्या मिनिट-सेकंदाला येतो ते), चित्रात काय, शब्द कुठला, ठेका कुठला. सात-आठ पानं भरायची. कंटाळ्याने जीव जायचा, पण त्या कागदानेच मला बघायला शिकवलं.

तूही तेच कर. चार मिनिटांचा एक व्हिडिओ घे. पहिल्यांदा डोळे मिटून फक्त ऐक आणि काय काय दिसलं ते लिही. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून फक्त बघ आणि गाणं कशाबद्दल असेल ते लिही. तिसऱ्यांदा दोन्ही. ही माझी शक्कल नव्हे. आवाज आणि चित्राच्या नात्यावर ज्यांनी आयुष्यभर लिहिलं, त्या मिशेल शियाँ या फ्रेंच अभ्यासकाची ही रीत आहे, हे तळटीपेत जाऊ दे. पहिल्या आणि दुसऱ्या कागदात जेवढं अंतर पडेल, तेवढा तुझा प्रकल्प.

मग मोजायला बस. मोबाइलवर नको, कॉलेजच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर. यूट्यूब थांबवून कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबलं की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाचं दाबलं की एक फ्रेम मागे. समज, गाण्याची लय मिनिटाला ९६ ठोक्यांची आहे आणि चार ठोक्यांचा एक घास. म्हणजे एक घास अडीच सेकंदांचा. चार मिनिटांत ९६ शॉट निघाले, तर सरासरी शॉटही अडीच सेकंदांचा. दर घासाला एक चित्र बदलतंय. इथे थांबलीस तर हाती नुसता आकडा राहील. खरी मजा सरासरी जिथे मोडते तिथे. सगळे शॉट अडीच-तीन सेकंदांचे आणि मध्येच एक अकरा सेकंदांचा, का? त्या अकरा सेकंदांत कोण आहे? ती गातेय की गप्प आहे?

आणि कट नेमका कुठे पडतो ते ऐक. तबल्याची थोडी ओळख असेल तर केहरवा ताल लाव: आठ मात्रा, पहिलीवर सम म्हणजे वजनदार ठोका, पाचवीवर 'खाली' म्हणजे रिकामी, हलकी मात्रा. आळशी संकलक प्रत्येक कट समेवर टाकतो, कवायतीसारखा. जाणता संकलक समेच्या किंचित आधी कापतो, म्हणजे सम येते तेव्हा नवा चेहरा आधीच हजर असतो आणि सम त्या चेहऱ्याची होते. एखादा त्या पाचव्या, 'खाली'च्या मात्रेवर कापतो आणि तुझ्या पोटात खड्डा पडतो. का पडला ते तुला कळलेलं नसतं, पण कागदावर दिसतं.

चौथ्या रकान्याशेजारी एक बारीक पाचवा आख. त्यात प्रत्येक शॉटपुढे तीनपैकी एक खूण कर. चित्र शब्दांच्या मागोमाग चालतं का, की शब्दांत नसलेली भर घालतं, की शब्दांशी फारकत घेतं. म्युझिक व्हिडिओवर लिहिणाऱ्या अँड्र्यू गुडविनने १९९२ च्या पुस्तकात केलेली ही वाटणी आहे. ढोबळ आहे, पण सुरुवातीला हाताशी धरायला काठी म्हणून चांगली. 'चंद्र' म्हटलं की चंद्र दाखवणारे व्हिडिओ किती निघतात ते बघून तुला हसू येईल.

आता ओठांचं एक सांगते, कारण प्रकल्पात ते तुला कुठल्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडेल. एकदा येऊरला एका गाण्याचं शूटिंग होतं. गाणं विरहाचं, संथ. दिग्दर्शकाला गायक स्लो मोशनमध्ये चालताना हवा, पण ओठ मात्र गाण्याशी जुळायला हवेत. त्याची युक्ती अशी: गाणं दुप्पट वेगाने टेपवर उतरवून न्यायचं, कॅमेराही दुप्पट वेगाने चालवायचा, आणि गायकाने त्या पळत्या गाण्यावर ओठ हलवायचे. मग ते चित्र नेहमीच्या वेगाने दाखवलं की चाल संथ होते आणि ओठ बरोबर जुळतात. तर त्या सकाळी झाडीत लाउडस्पीकरवर ते विरहगीत उंदराच्या चिरक्या आवाजात धावत होतं, बिचारा गायक भराभरा तोंड उघडमिट करत चालत होता आणि आम्ही सगळे तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. महिन्याभराने तोच शॉट टीव्हीवर पाहिला. धुकं, जडशीळ पावलं, डोळ्यांत पाणी. माझी आई डोळे पुसत होती. मी तिला काही सांगितलं नाही.

तर बाई, पडद्यावर ओठ हलतात तेव्हा तिथे कुणीही गात नसतं. हे डोक्यात ठेवून मग तुझी कविता वाच.

काचेवरचा पाऊस, बोटाने लिहिलेलं नाव, रिकाम्या फलाटावरची ओढणी, दूर जाणारी गाडी. तुझ्या मैत्रिणी बरोबर बोलल्या, हा व्हिडिओच आहे. पण कुणाचा? यातला एकही शॉट तू काढलेला नाहीस. ऐरोली स्टेशन संध्याकाळी रिकामं कधी पाहिलंस? तुझी ठाण्याची गाडी सुटते तेव्हा फलाटावर ओढणी उडायला जागा असते का? ठाण्याला नऊ-दहा नंबरवर उतरल्यावर ओढणी उडत नाही, कुणाच्यातरी सॅकच्या चेनमध्ये अडकते. ती सोडवताना तो माणूस आणि तू, दोघंही एकमेकांकडे न बघता 'सॉरी, सॉरी' म्हणता. ते मी तुझ्या कवितेत शोधत होते. या चार ओळींत ओठ तुझे हलतायत आणि आवाज दुसऱ्यांचा येतोय. सरांनी नाक मुरडलं ते चुकीच्या कारणासाठी. कवितेत चित्रं असणं हा दोष नव्हे, उसनी चित्रं असणं हा दोष.

आणि उसनवारी का झाली तेही सांगते. तू व्हिडिओ इतके पाहिलेस की 'दुःख' म्हटल्यावर डोळ्यांसमोर आधी दुसऱ्याचा शॉट येतो. सगळ्यांचंच होतं. माझं सिनेमातल्या पावसाने झालं, माझ्या आजीचं बहुधा कीर्तनातल्या दृष्टांतांनी झालं असेल. उपाय एकच: पहिलं सुचेल ते कागदावर उतरवायचं, खोडायचं, दुसरंही खोडायचं आणि तिसऱ्यापासून कविता सुरू करायची.

आता ते वाक्य. 'पहाटे चपला हातात घेऊन घरात शिरतात, माझी झोप मोडू नये म्हणून. मी कानात इअरफोन घालून जागीच असते.'

हे तू तक्रारीच्या ओघात लिहून गेलीस, कविता म्हणून नाही, म्हणूनच ते तुझ्या आवाजात आलं. बघ त्यात काय काय आहे. एक माणूस आवाज होऊ नये म्हणून धडपडतोय, आणि ज्या कानांसाठी धडपडतोय ते कान आधीच गाण्याने भरलेत. त्याची शांतता तिला ऐकूच येत नाही. तिचं गाणं त्याला ऐकू येत नाही. दोघंही एकमेकांपासून आवाज लपवतायत. कुठल्याही दिग्दर्शकाला हे सुचलं असतं तर त्याने त्या रात्री पेढे वाटले असते.

याचा कागद कर. व्हिडिओच्या धंद्यात कॅमेरा भाड्याने घ्यायच्याही आधी एक-दोन पानं लिहिली जातात, त्याला ट्रीटमेंट म्हणतात. गाणं ऐकून दिग्दर्शक काय दाखवणार ते साध्या वर्तमानकाळात लिहितो: काय दिसतं, कोण येतं, कुठे थांबतं. गाण्याच्या कंपनीतल्या माणसाला ते वाचून डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं तर काम मिळतं, नाहीतर दुसऱ्याला मिळतं. म्हणजे म्युझिक व्हिडिओचा पहिला जन्म गद्यात होतो. तुझा सर्जनशील लेखनाचा पेपर आणि तुझा विषय यांचं लग्न इथे लागतं. सरांना सांग, पंधरा पानं तीन व्हिडिओंचं वाचन, दोन पानं माझी ट्रीटमेंट, एक पान माझं गाणं आणि उरलेल्यात रकान्यांचे तक्ते. हे नाकारणं त्यांना जड जाईल.

गाणं कुठून आणायचं? तूच लिही. छंद हवा असेल तर आपल्या मोठ्या अभंगासारखा सोपा साचा नाही: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. उभ्या उभ्या जुळवून दाखवते:

पहाटे दाराशी / चपला हातात / बाबा अंधारात / येती घरा

अक्षरं बरोबर बसली, कविता मात्र सुमार आहे. का, ते बघ. हे शब्द गात असताना तू पडद्यावर चपला दाखवल्यास, तर एकच गोष्ट दोनदा सांगितलीस. शब्दांत चपला असतील तर चित्रात त्या नकोत. चित्रात तुझे उघडे डोळे दाखव, अंधारात, हललेसुद्धा नाहीत असे. किंवा उलट: चित्रात चपला ठेव आणि गाणं तुझ्या इअरफोनमधलं असू दे, अगदी उडत्या चालीचं, ज्याचा बाबांशी काही संबंध नाही. मला दुसरं जास्त आवडतं. आणि मध्ये एक जागा अशी ठेव की इअरफोन कानातून निसटतो, गाणं बंद पडतं, आणि त्या दोन-तीन सेकंदांत फक्त घरातली शांतता. तिथे तुझा तो लांबलेला शॉट.

आता दाव्याचं, भरभर. गाणं म्हणजे एक वस्तू नसते, निदान तीन असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिन्हींचे हक्क वेगळे, मालक वेगळे असू शकतात. खाली नाव देणं हा सभ्यपणा झाला, परवानगी नव्हे. 'हेतू नाही' या ओळीला तर कायद्यात काडीची किंमत नाही. दावा आला म्हणून घाबरू मात्र नकोस. यूट्यूबवर दावा वेगळा आणि स्ट्राइक वेगळा. दाव्यात व्हिडिओ बंद होतो किंवा त्याची कमाई मालकाकडे जाते. स्ट्राइक म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून चॅनेलला बसणारी ताकीद; नव्वद दिवसांत तशा तीन साचल्या तर चॅनेल जाण्याची वेळ येते. तो व्हिडिओ गुपचूप काढून टाक. प्रकल्पात मात्र गाण्याच्या ओळी उद्धृत करून त्यांची चर्चा करायला तुला कुणी अडवणार नाही. समीक्षेसाठी रास्त वापर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच, कलम ५२ मध्ये दिलेला आहे.

एक खाच लक्षात ठेव, तिथे हुशार लोकही पडतात. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण विसाव्या शतकातल्या संगीतकाराने त्यांना लावलेली चाल त्याची आहे, त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत. आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षं. म्हणून जुना अभंग घेतलास तरी चाल आपली लाव आणि आवाज आपला भर. तुमच्या सोसायटीत गणपतीत ढोलकी वाजवणारा एखादा मुलगा असेलच.

तू आज मागणारी आहेस, उद्या देणारी होशील, म्हणून हेही सांगते. १९९८ मध्ये मी एका छोट्या कॅसेट कंपनीला दोन गाणी लिहून दिली. पाकिटात दीड हजार रुपये, समोर कागद, मी न वाचता सही केली. पुढच्या गणपतीत आमच्याच गल्लीत माझं गाणं लागलं. धावत जाऊन कॅसेटचं कव्हर पाहिलं, तर गीतकार म्हणून भलतंच नाव. भांडायला गेले, तर त्यांनी माझीच सही माझ्यापुढे धरली. २०१२ मध्ये कायदा बदलला. आता गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुणी करारात लिहूनही काढून घेऊ शकत नाही. पण कायदा आला तरी कागद वाचायचं काम आपल्यालाच करावं लागतं. त्या दीड हजारात मी एक मिक्सर घेतला होता. तो अजून चालतो, हा माझा सूड.

शूटिंगचं: प्लॅटफॉर्मवर किंवा गाडीच्या दारात काही करू नकोस. रेल्वेची परवानगी लागते, आणि दारात उभं राहून काय होतं ते आपल्या लाइनवर रोज कुणीतरी बघतं. तुझी गोष्ट घरातच घडते, घरातच कर. मोबाइल पुरे.

बाबांचं मला सगळ्यात कमी सांगायचंय. त्यांचा प्रश्न रास्त आहे. बाहेरून बघणाऱ्याला अभ्यास आणि करमणूक यांत फरक दिसत नाही, दोन्हींत मुलगी स्क्रीनकडेच बघत असते. वाद घालू नकोस, ते रकान्यांचे कागद जेवणाच्या ताटाशेजारी ठेव. कंपनीत यंत्राजवळ उभं राहणाऱ्या माणसाला मोजमापाचा कागद कळतो. मशीनचा आवाज जरा बदलला की काय बिघडलं ते ओळखणारी माणसं असतात ही. कट समेवर आहे की आधी, ते तुझ्या मैत्रिणींच्या आधी त्यांना ऐकू येईल, पैज लावते. आणि ट्रीटमेंट शूट करायच्या आधी त्यांना वाचून दाखव. त्यांची गोष्ट आहे, त्यांना विचारायला हवं. नको म्हणाले तर कागदावरच राहू दे.

बीएडचं नंतर बघू. पदवी पुरी कर, मग दारं बंद होत नाहीत. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेत दिग्दर्शन किंवा संकलनाला जायचं मनात आलं तरी आधी पदवी लागते, आणि ती मराठीची असली तरी चालते. तोवर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व घे. १८९३ पासून पुस्तकं सांभाळतायत. नाट्यसंगीतावरचं जे तुला सरांसमोर टेकवायला लागेल, ते शोधायला तिथूनच सुरुवात कर.

पुढच्या रात्रपाळीच्या आठवड्यात एक दिवस इअरफोन न घालता पडून राहा. कडी, दार, फरशीवरची पावलं, माठावरचं झाकण, जे जसं ऐकू येईल ते त्याच क्रमाने लिहून काढ, विशेषणं न लावता. आणि हातातल्या चपला ते शेवटी कुठे ठेवतात ते मला कळव. पत्रात ते लिहायचं तू विसरलीस.

– ताई